टेम्पोचा पट्टा वारंवार का तुटतो?

भिवंडीचा धंदा मागावर चालतो असे सर्वजण म्हणतात आणि ते खरेच आहे. परंतु सायझिंगमधून बीम मागापर्यंत, मागावरचे ताके गोदामापर्यंत आणि गोदामातील माल प्रोसेस हाऊसपर्यंत पोहोचवणारा टेम्पो एक दिवस उभा राहिला, तर माग चालू असूनही धंदा अडतो. नारपोली, अंजूर फाटा, काल्हेर, राहनाळ या भागात असा एकही कारखानदार सापडणार नाही, ज्याचा माल वाटेत अडकून पार्टीचे बोलणे त्याला ऐकावे लागले नाही.

गाड्या बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एका कारणाविषयी आज लिहावयाचे आहे, कारण त्यात पैसा विनाकारण जातो आणि दोष बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर येतो. हे कारण म्हणजे इंजिनाचा पट्टा, ज्याला आपण सर्वजण फॅन बेल्ट म्हणतो. नवा पट्टा घातला, पंधरा दिवसांत तुटला. पुन्हा घातला, आठ दिवसांत सुटला. मग मालक म्हणतो दुकानदाराने नकली पट्टा दिला; दुकानदार म्हणतो मिस्त्रीने नीट बसवला नाही; मिस्त्री म्हणतो गाडीवान गाडी तोडून चालवतो. शेवटी पट्ट्याचे पैसे गाडीवानाच्या पगारातून कापले जातात. नवा पट्टा मात्र त्याच वाटेने जातो.

आम्ही कापडाचे व्यापारी, इंजिनाचे मिस्त्री नव्हे. परंतु आयुष्य मागांच्या आवाजात गेले असल्यामुळे पट्टा आणि पुली यांचा थोडाफार तजुर्बा आम्हाला आहे. मागाचा पट्टा आणि टेम्पोचा पट्टा यांचे दुखणे एकाच जातीचे असते. म्हणून आपल्या बंधूंना समजेल अशा रीतीने हा विषय मांडत आहोत. मुख्य गोष्ट एवढीच की चांगला पट्टा सहसा आपण होऊन लवकर मरत नाही. तो वारंवार तुटत असेल तर दुसरे काहीतरी त्याला मारीत असते, आणि त्याचा पुरावा जुन्या पट्ट्याच्या अंगावरच लिहिलेला असतो.

पट्टा करतो काय?

इंजिनाच्या तोंडाशी क्रँकची मोठी पुली असते. तिच्यावरून निघालेला पट्टा डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, फिरवतो. बहुतेक गाड्यांत तोच पट्टा वॉटर पंपही फिरवतो, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री वॉटर बॉडी म्हणतात. काही गाड्यांत पंखा, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर यांचे कामही पट्ट्यावरच असते.

यातील एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. अनेक डिझेल टेम्पो आणि पिकअपमध्ये ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच पाठीवर बसवलेला असतो. पट्टा तुटला की डायनामो थांबतो आणि त्याच्याबरोबर व्हॅक्यूमही थांबतो. पहिल्या एकदोन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो, कारण साठलेला व्हॅक्यूम शिल्लक असतो. त्यानंतर पेडल लाकडासारखे कडक होते आणि पाय कितीतरी अधिक जोराने दाबावा लागतो. भरलेली गाडी उड्डाणपुलावरून उतरत असताना हे घडले तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. पट्ट्याचा प्रश्न केवळ दुरुस्तीच्या बिलाचा नाही, तो गाडीवानाच्या आणि रस्त्यावरच्या माणसांच्या जिवाचा आहे.

दुसरे नुकसान इंजिनाचे. वॉटर पंप थांबला की पाणी फिरत नाही आणि थोड्याच वेळात इंजिन तापते. 'गोदाम जवळच आहे, पोहोचू' असे म्हणून गाडी तशीच पुढे दामटली तर हेड गॅस्केट जाते, प्रसंगी हेडच वाकते. पट्ट्याच्या किमतीच्या अनेक पटींनी खर्च तिथे होतो. म्हणून बॅटरीचा लाल दिवा अचानक लागला आणि त्याबरोबर तापमानाचा काटा चढू लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट नावाचा दुसरा दातेरी पट्टा असतो. तो कव्हरच्या आत असतो आणि व्हॉल्व्हची वेळ सांभाळतो. काही इंजिनांत त्याच्या जागी चेन किंवा गिअर असतात. तो पट्टा कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदलावयाचा असतो. आजचा विषय बाहेरून दिसणाऱ्या पट्ट्याचा आहे.

पट्ट्यावर भार किती पडतो?

पट्टा म्हणजे रबराची पट्टी, तिच्यावर कसला भार, असा अनेकांचा समज आहे. जरा हिशेब करून पाहू. ६० अँपियरचा डायनामो १४ व्होल्टला पूर्ण जोराने वीज देतो तेव्हा ती ८४० वॅट होते. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. डायनामोतील घट धरली तर त्याला फिरवण्यासाठी पट्ट्याला दीड ते दोन हॉर्सपॉवर पोहोचवावी लागते. आपल्या साध्या मागाला साधारण १ हॉर्सपॉवरची मोटर पुरते. म्हणजे टेम्पोचा हा लहानसा पट्टा एका मागापेक्षा अधिक ओझे ओढतो, आणि तेही मागाच्या पुलीपेक्षा कितीतरी लहान पुलीवरून.

आता वेग पाहा. क्रँकची पुली १५० मिलिमीटर व्यासाची आणि पट्टा १ मीटर लांबीचा धरला, तर इंजिनाच्या २,००० फेऱ्यांना पट्टा मिनिटाला सुमारे ९४० वेळा पूर्ण फिरतो. तासाला ५६ हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत तो प्रत्येक पुलीवर वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. पुली केसभर तिरकी असेल तर तो तासाला ५६ हजार वेळा तिरका घासला जातो. मग पंधरा दिवस तरी कसा टिकला, याचेच आश्चर्य वाटावे.

पट्ट्याचा जीव रबरात नसून दोऱ्यांत असतो. आपण ज्या पॉलिएस्टरचा व्यापार करतो, त्याच पॉलिएस्टरच्या वळलेल्या दोऱ्या बहुतेक पट्ट्यांच्या आत लांबीने घातलेल्या असतात. ओढण्याचे काम दोऱ्या करतात आणि पकडण्याचे काम रबर करते. व्ही आकाराचा पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो, त्यामुळे सपाट पट्ट्याच्या सुमारे ३ पट पकड मिळते. ही पकड पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी येते, तळाने नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढचे सर्व सोपे आहे.

जुना पट्टा फेकू नका

पट्टा तुटला की पहिली चूक हीच होते की जुना पट्टा गटाराशी फेकला जातो. तो मिस्त्रीकडून मागून घ्यावा, कापडाने पुसावा आणि उजेडात पाहावा. कापडातील दोष पाहून मागात काय बिघडले हे आपण सांगतो, तसेच हे आहे.

बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, तर पट्टा घसरत होता. एक तर तो सैल होता, किंवा त्यावर तेल पडले होते, किंवा पुलीची खाच झिजली होती, किंवा कोणती तरी पुली जड फिरत होती.

एकाच बाजूची कड झिजून दोरे बाहेर आले असतील, तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा पट्टा कुठे तरी घासत आहे. हा पुरावा सर्वांत स्पष्ट असतो आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही त्याच्याकडेच होते.

पट्टा फुगलेला, मऊ किंवा चिकट झाला असेल, तर इंजिन ऑइल, डिझेल किंवा कूलंट त्यावर गळत आहे. गळती बंद केल्याशिवाय नवा पट्टा घालणे म्हणजे गळक्या छपराखाली ताके रचण्यासारखे आहे.

आतल्या बाजूला आडव्या भेगा असतील, तर उष्णता किंवा वय हे कारण आहे. पट्टा जुना असेल तर भेगा नैसर्गिक समजाव्यात. नव्याला महिन्याभरात भेगा पडल्या तर तो फार तापला आहे किंवा त्या लहान पुलीसाठी बनवलेलाच नव्हता.

पट्टा पुलीत उलटला किंवा घातल्यावर काही दिवसांतच मधून तटकन तुटला आणि बाकी अंग नवेच दिसत असेल, तर बसवताना त्याच्या आतल्या दोऱ्या तुटलेल्या असण्याचा मोठा संभव आहे. डायनामोचा बोल्ट सैल न करता पेचकस किंवा टॉमी लावून पट्टा जबरदस्तीने चढवला की हे होते. बाहेरून काही दिसत नाही. वळलेल्या धाग्यातील काही पीळ तुटले तर धागा कुठे तुटतो हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. हाच पुरावा दुसऱ्या कारणानेही मिळतो: एखादे बेरिंग क्षणभर जाम झाले तरी पट्टा असाच तुटतो. म्हणून दोन्ही तपासावे.

अलीकडच्या रिबदार पट्ट्यांविषयी एक सूचना. जुने पट्टे निओप्रीन रबराचे असत आणि म्हातारे झाले की तडकत. आताच्या बहुतेक रिबदार पट्ट्यांत ईपीडीएम नावाचे रबर असते. ते सहजी तडकत नाही, पण टायरसारखे झिजत जाते. भेग नाही म्हणजे पट्टा चांगला, हा जुना हिशेब आता चालत नाही. नव्या पट्ट्याच्या शेजारी जुना ठेवून खाचांची खोली पाहावी.

पुल्यांची तपासणी

हे काम इंजिन बंद करून करावे. चावी काढून खिशात ठेवावी आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, कारण काही गाड्यांत विजेचा पंखा चावी काढल्यानंतरही अचानक फिरतो. मागाच्या पट्ट्यात बाही अडकून हात गमावलेली माणसे आपण पाहिली आहेत. येथेही ढिली बाही, गळ्यातील रुमाल आणि लांब कुर्ता यांना जागा नाही.

१) पट्टा काढून प्रत्येक पुली हाताने फिरवावी. खरखर लागली, अडखळली किंवा पुढेमागे हलली तर तिचे बेरिंग गेले आहे. डायनामो, वॉटर बॉडी, आयडलर आणि टेन्शनर यांपैकी एकही सोडू नये. वॉटर बॉडीच्या खालच्या बाजूला एक लहान भोक असते. तिथे कूलंटचा ओघळ किंवा वाळलेला डाग दिसला तर आतले सील गेले, असे समजावे.

२) पुलीच्या खाचेत बोट फिरवावे. कडेला धार किंवा पायरी लागत असेल तर खाच झिजली आहे. व्ही पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा तळाला टेकतो आहे, म्हणजे बाजूंची पकड संपली आहे. अशा पुलीवर कितीही पट्टे घातले तरी घसरणारच. आपल्या भागात हवेत रुईचे तंतू असतात आणि रस्त्याची बारीक खडी उडते. तेलात भिजलेली रुई खाचेत थापून बसली असेल तर ती लाकडी काडीने काढावी.

३) पुल्या एका रेषेत आहेत का ते पाहावे. सरळ पट्टी किंवा ताणलेला सुती दोरा दोन पुल्यांच्या तोंडावर धरावा. पुल्यांची तोंडे सारख्या जाडीची नसतील तर माप खाचेपासून घ्यावे. १ फूट अंतरामागे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही, दोऱ्याला दिसतो.

४) क्रँकची पुली पाहावी. अनेक गाड्यांत ती दोन तुकड्यांची असते. मधला गोळा आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये हादरे शोषणारे रबर असते. ते रबर सुटले की बाहेरचे कडे डगमगते किंवा मागे सरकते. मधल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत खडूने किंवा रंगाने एक सरळ रेघ ओढावी आणि दोन दिवस गाडी चालवून पुन्हा पाहावे. रेघ तुटलेली दिसली तर पुली बदलावी लागेल. ही पुली दोषी असते तेव्हा माणसे डायनामो आणि टेन्शनर बदलून थकतात.

५) विजेचा भार पाहावा. बॅटरी कमजोर असेल तर डायनामो दिवसभर पूर्ण जोराने चालतो. त्यात जादा दिवे, मोठा हॉर्न आणि टेप लावलेला असेल तर पट्ट्याचे ओझे कायमचे वाढते. सेल्फ मारल्यानंतर लगेच किंचाळी येते आणि थोड्या वेळाने थांबते, याचे एक मोठे कारण हेच आहे.

६) आवाज येत असेल तर पाण्याची साधी परीक्षा करावी. त्यासाठी आधी सर्व जोडून घ्यावे. इंजिन चालू ठेवून, अंतरावर उभे राहून, बाटलीने पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी उडवावे. चिवचिव क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाली तर पुल्या तिरक्या असण्याचा संभव अधिक. पाण्याने किंचाळी वाढली तर पट्टा सैल आहे. बाजारात मिळणारा चिकट फवारा मारून आवाज बंद करू नये. त्याने दोष जात नाही, उलट धूळ चिकटते.

ताण किती असावा?

हा प्रश्न विणकराला विचारावा. ताणा सैल सोडला तर कापड बिघडते, फार ओढला तर धागे तुटतात. पट्ट्याचेही तसेच आहे. सैल पट्टा घसरतो, तापतो आणि काचेसारखा होतो. फार ताणलेला पट्टा स्वतः टिकला तरी वॉटर बॉडीचे आणि डायनामोचे बेरिंग खातो. पट्टा तुटतो म्हणून तो आणखी कसून बांधणे ही आपल्याकडची रीत आहे. तिचा परिणाम दोन महिन्यांनी बेरिंगच्या बिलात दिसतो.

बोल्टने ताण द्यावयाच्या व्ही पट्ट्यासाठी सर्वसाधारण हिशेब असा की दोन पुल्यांमधील सर्वांत लांब भागावर मध्यभागी अंगठ्याने दाबले असता दर १०० मिलिमीटर अंतराला सुमारे दीड मिलिमीटर दबावा. कंपनीच्या पुस्तकात वेगळे माप दिले असेल तर तेच खरे मानावे. नवा पट्टा पहिल्या काही तासांत बसतो आणि थोडा सैल होतो. म्हणून घातल्यानंतर एक दिवस गाडी चालवून ताण पुन्हा पाहावा. हे काम फुकटचे आहे आणि जवळजवळ कुणीच करीत नाही. स्प्रिंगचा टेन्शनर असलेल्या गाडीत ताण हाताने द्यावा लागत नाही. तिथे टेन्शनरवरील खुणा पाहाव्यात. काटा खुणेबाहेर गेला असेल तर पट्टा लांबला आहे किंवा स्प्रिंग थकली आहे.

एक उदाहरण

आमच्या ओळखीच्या एका कारखानदार बंधूंचा पिकअप नारपोलीहून ग्रे ताके घेऊन डोंबिवलीच्या प्रोसेसला जात असे. दोन महिन्यांत त्याचे चार पट्टे गेले. पट्टे चांगल्या कंपनीचे होते. गॅरेजवाल्याने दोरा लावून पुल्या पाहिल्या, त्या सरळ होत्या. बेरिंगही ठीक होते. निष्कर्ष निघाला की गाडीवान गिअर कमी आणि इंजिन जास्त पळवतो. तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्याचे पैसे त्याच्या पगारातून कापले गेले. गाडीवान म्हणाला, "शेठ, माझी चूक असेल तर पट्टा दोन्हीकडून झिजायला हवा. हा एकाच कडेने का खाल्ला जातो?" त्याचे बोलणे त्या वेळी कुणी मनावर घेतले नाही.

पुढे एका वयस्कर मिस्त्रीने तो पट्टा हातात घेऊन एकच प्रश्न विचारला: "हे दुखणे सुरू होण्याच्या आधी गाडीचे काय काय उघडले होते?" आठवून पाहता समजले की डायनामो रिवाइंडिंगला गेला होता. मिस्त्रीने इंजिन चालू करून सर्व दिवे लावायला सांगितले आणि बाजूने डायनामोकडे पाहत राहिला. दिवे लागताच डायनामो पुढच्या बाजूला किंचित झुकला. दिवे बंद केले की तो पुन्हा सरळ होई. डायनामो परत बसवताना मधला जाड वॉशर राहून गेला होता, त्यामुळे बोल्ट हलत राहून ब्रॅकेटचे भोक अंड्यासारखे लांबट झाले होते. गाडी उभी असताना पुली सरळ दिसे. भार आला की तिरकी होई. दोऱ्याची परीक्षा खोटी नव्हती, ती भाराविना केलेली होती.

भोक भरून पुन्हा पाडले, योग्य जाडीचा वॉशर घातला आणि नवा पट्टा चढवला. त्यानंतर संपूर्ण पावसाळा गेला तरी पट्टा बदलावा लागला नाही. कापलेले पैसे गाडीवानाला परत मिळाले.

या उदाहरणातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, दुखणे कधी सुरू झाले आणि त्याच्या आधी कशाला हात लागला होता, हे सर्वप्रथम विचारावे. दुसरी, जी गोष्ट उभ्या गाडीत ठीक दिसते ती भाराखाली पाहिल्याशिवाय ठीक म्हणू नये.

पट्टा विकत घेताना

मागाचा पट्टा टेम्पोला लावण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तो घरात असतो आणि दिसायलाही तसाच असतो. हे करू नये. मागाच्या ए सेक्शनच्या साध्या पट्ट्याची वरची रुंदी १३ मिलिमीटर आणि जाडी ८ मिलिमीटर असते, आणि त्यासाठी पुली किमान ७५ मिलिमीटर व्यासाची असावी असा नियम आहे. डायनामोची पुली बहुतेक वेळा त्याहून लहान असते. तिच्यावर जाड पट्टा वाकताना तापतो आणि तडकतो. गाडीच्या व्ही पट्ट्याला आतून दात कापलेले असतात, ते लहान पुलीवर सहज वाकता यावे म्हणूनच.

क्रमांकातही फसगत होते. मागाच्या पट्ट्यावर ए-४८ लिहिलेले असते, त्यातील ४८ म्हणजे आतली लांबी इंचांत. गाडीच्या रिबदार पट्ट्यावर ६पीके ११०० असे असते, म्हणजे ६ रिब आणि लांबी ११०० मिलिमीटर. लांबी थोडी कमीजास्त चालते, असे सांगून दुसराच पट्टा दिला जातो. मग टेन्शनर एका टोकाला जाऊन बसतो आणि ताण कधीच बरोबर येत नाही. मोठ्या गाडीत दोन व्ही पट्टे शेजारी असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीचे बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवला तर सारा भार नव्यावर येतो.

नागपूरच्या पिक्स किंवा मदुराईच्या फेनर यांसारख्या कंपन्यांचे पट्टे सर्वत्र मिळतात. नाव पाहून खात्रीच्या दुकानातून बिल घेऊन घ्यावे. खिळ्याला टांगून, उन्हात वर्षानुवर्षे पडलेला पट्टा नवा असला तरी घेऊ नये. जादा पट्टा गाडीत ठेवावा तो गोल गुंडाळून, सीटमागे, तेलापासून आणि उन्हापासून दूर. त्याच्यासोबत योग्य मापाचे पाने ठेवावेत. पाने नसतील तर पट्टा असून उपयोग नाही. कापडाची पट्टी किंवा दोरी वळून पुलीवर बांधण्याचा प्रयोग काही जण करतात. ती पंख्यात गुंडाळली जाऊन आणखी नुकसान होते.

पावसाळ्यात विशेष काळजी घ्यावी. कामवारीच्या पुराचे किंवा तुंबलेल्या गटाराचे पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी नेली की चिखल आणि वाळू खाचेत बसते, आणि ती वाळू पट्ट्याला सॅंडपेपरसारखी घासते. अशा पाण्यातून आलेल्या गाडीच्या पुल्या स्वच्छ पाण्याने धुवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी ताण पाहावा.

गाडीची वही

आपण मागाच्या प्रत्येक बीमचा हिशेब ठेवतो, तशी गाडीचीही एक वही असावी. तिच्यात पट्टा बदलल्याची तारीख, किलोमीटर, पट्ट्याचा क्रमांक, जुना कसा झिजला होता आणि त्याआधी कोणते काम झाले होते, एवढे पाच रकाने पुरेत. दुसऱ्यांदा पट्टा गेला की वही उघडावी. चांगला पट्टा साधारण ५० हजार किलोमीटर किंवा अधिक चालतो. जो ५ हजारही चालला नाही, त्याच्यामागे कारण आहेच, आणि ते सापडेपर्यंत तिसरा पट्टा घालणे म्हणजे पैसे पुलीत टाकणे आहे.

गाडीवान हा गाडीबरोबर दिवसभर असतो. किंचाळी केव्हा येते, दिवे लावल्यावर की चढावर, सकाळी की पावसात, हे त्यालाच ठाऊक असते. पगार कापला जाण्याची भीती असेल तर तो आवाज ऐकूनही गप्प बसेल, आणि पट्टा पुलावरच्या उतारावर तुटेल. म्हणून मालक बंधूंना आमची विनंती आहे की पुढच्या वेळी पट्टा तुटला, तर पैसे कापण्याआधी जुना पट्टा मागून घ्यावा, गाडीवानाला आणि मिस्त्रीला एकत्र उभे करावे आणि तिघांनी मिळून त्याची कड पाहावी.